हंड्याचा वेळ

परसराम, तुझ्या वहीतल्या तीन ओळी मी गाळल्या आहेत. आधीच सांगून टाकतो. त्या तिन्ही ओळींत हंडा रांगेत लावल्याची वेळ आहे, भरल्याची नाही. तू चहा प्यायला घरी गेला असशील, नाहीतर कोणाशी बोलत बसला असशील. दुसरं जास्त शक्य आहे. एकूण ओळी एकशे चौऱ्याहत्तर होत्या, आता एकशे एकाहत्तर उरल्या. आणखी एका ओळीत हंडा लावण्याच्या आधीच भरलेला निघाला. तुझा नऊचा आकडा एकासारखा दिसतो. मागच्या-पुढच्या ओळी पाहून मी तो नऊच धरला आणि बाजूला लाल शाईनं तसं लिहून ठेवलं. तुझ्या आकड्यांत मी एवढाच हात घातला.

तुला जाऊन अडीच महिने झाले. तुझ्या दिवसांना पुष्कळ लोक बोलले. तुमच्या तांड्याच्या नायकानं तर मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो नाही. मला बोलायचं होतं ते या वहीबद्दल, आणि ती वही तोवर मी उघडलीसुद्धा नव्हती. आठ-नऊ महिने माझ्या कपाटात पडून होती. हे तिथं सगळ्यांसमोर कसं सांगणार?

आपली ओळख काट्यावरची. मी आर्णीच्या रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नवीन लागलो होतो. तू बैलगाडीत कापूस घेऊन आलास आणि गाडी काट्यावर चढवून मागं दांडीला धरून उभा राहिलास. मी वजन लिहिलं, पावती फाडली. तू पावती पाहिलीस आणि परत दिलीस.

“बाबू, यात मी पन हाव.”

“म्हणजे?”

“मी गाडीवर उभा होतो. माहं वजन कापसात धरलं तुमी. उतरतो, पुन्ना करा.”

माझ्या मागं उभे असलेले सगळे हसले. “अबे, राहू दे ना,” कोणीतरी म्हणालं. तू उतरलास. तुझं वजन त्रेपन्न किलो होतं, तेही मला तेव्हाच कळलं. त्यानंतर माझ्या काट्यावर गाडीवर माणूस उभा नाही हे पाहिल्याशिवाय मी पावती फाडली नाही. बावीस वर्षं झाली. तू मला काटेबाबू म्हणायला लागलास ते त्या दिवसापासून, आणि मी तुला अरेतुरे करायला लागलो तेही जवळपास तेव्हापासूनच.

आमचं गाव आणि तुमचा तांडा यांच्यात दीड किलोमीटर आणि एक नाला. ग्रामपंचायत एकच. पाण्याची टाकी आणि घरोघरी नळ यायचे होते, पण एका वेळी एकाच वस्तीला. आधी गाव की आधी तांडा, हे ग्रामसभेनं ठरवायचं होतं. भांडण होणार हे उघड होतं. ग्रामसेवक माझ्याकडे आले. म्हणाले, “तुमच्या काट्याची पावती कोणी वापस आणत नाही. तुम्हीच सर्व्हे करून द्या. आकडा बोलेल, आपण कोणी बोलायचं नाही.” मला बी.एस्सी.ला संख्याशास्त्र होतं. पंचवीस वर्षांत त्याचा उपयोग झाला नव्हता. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

एका पानाचा फॉर्म मीच तयार केला. सहा प्रश्न. चौथा प्रश्न असा: घरातल्या बाईला दिवसाचं पाणी आणायला किती मिनिटं लागतात? गावातले फॉर्म मी भरून घेतले, तांड्यातले तू. तू घरोघरी गेलास, आपल्या बोलीत विचारलंस आणि जे उत्तर मिळालं तेच लिहिलंस. एकही फॉर्म कोरा नव्हता. गावातल्या माझ्या फॉर्मांत अकरा जागी कोरं होतं.

मग मी बसलो. सगळ्यांत आधी ओळी मोजल्या, मग सगळ्यांत लहान आकडा आणि सगळ्यांत मोठा आकडा शोधला. मग आलेखाच्या कागदावर खांब काढले: दहा मिनिटांपर्यंत किती घरं, वीसपर्यंत किती, तीसपर्यंत किती. गावाचे खांब पसरट आले. तीसवर एक उंच, साठवर एक उंच, कारण लोक अर्धा तास आणि एक तास असंच सांगतात, सदतीस मिनिटं कोणी सांगत नाही. तांड्याचे खांब मात्र डावीकडे एका जागी गोळा झाले. दहा आणि पंधरा. बस. गावाची सरासरी पन्नास, तांड्याची बारा. आलेख इतका स्वच्छ आला की मी तो मंदाला, माझ्या बायकोला, दाखवला. तिनं पाहिला आणि म्हणाली, “तांड्यातल्या बायांचं बरंच हाय मंग.” तिथं मी थांबायला हवं होतं. उन्हाळ्यात तांड्याचा हातपंप कसा चालतो हे मला माहीत होतं. चार हंडे भरले की हवा ओढतो, मग वाट पाहायची. बारा मिनिटं कशी येतील, हा प्रश्न मला पडला नाही. आलेख स्वच्छ आला की आपण तो तपासत नाही, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

जानेवारीतल्या ग्रामसभेत मी कागद भिंतीला लावला. आधी गाव, असा ठराव झाला. तू मागं उभा होतास. सभा सुटल्यावर माझ्याजवळ आलास.

“काटेबाबू, हे चुकलं.”

“काय चुकलं?”

“मले माहीत नाही काय चुकलं. पन चुकलं.”

“असं कसं चालेल? ओळ दाखव. कोणती ओळ चुकली?”

“ओळी साऱ्या बरोबर हायत. मीच लिवल्या.”

“मग?”

“मंग काय. बारा मिनिटांची एक बाई दाखव मले तांड्यात. एक. तिच्या पाया पडतो.”

मी म्हणालो, सरासरी म्हणजे कोणी एक बाई नसते. तू म्हणालास, “नसते ना? मंग नळ कोनाले देऊन राह्यला तू, सरासरीले?” बरोबरचे हसले. मला राग आला.

आठ दिवसांनी तू जिनिंगमध्ये आलास. मी काट्यावर होतो, बाहेर गाड्यांची रांग होती. तू खिडकीशी उभा राहिलास आणि सांगितलंस. चूक तुझ्या बायकोनं, सुमन वहिनींनी, शोधून दिली होती. तू तिला सहज विचारलंस की फॉर्मात तू दहा मिनिटं काहून सांगितली. ती म्हणाली, जायला पाच, यायला पाच. तू म्हणालास, आन् रांग? ती म्हणाली, रांगेत मी कुठं असते, रांगेत हंडा असते.

तुमच्या तांड्यात बाया रांगेत उभ्या राहत नाहीत. पहाटे जाऊन हंडा ठेवून येतात आणि घरी कामाला लागतात. रांग पुढं सरकत राहते. ज्याचा नंबर आला त्याच्या घरी हाक जाते. दुसऱ्याच्या हंड्याला कोणी हात लावत नाही. कोणी लावला तर तांड्यात त्याची नाचक्की होते, आणि ते किती जुनं आहे हे नायकालाही सांगता येत नाही. आमच्या गावात असं ठेवून पाहा. अर्ध्या तासात हंडा नाल्याकाठी सापडेल. म्हणून आमच्या बाया हंड्याजवळ उभ्या राहतात, आणि विचारलं की उभं राहिल्याचा सगळा वेळ सांगतात.

“समजलं का?” तू म्हणालास. “तुह्या गावातल्या बाईनं हंड्याचा वेळ सांगतला. आमच्यातल्या बाईनं सोताचा सांगतला.”

“पण ती घरी काम करते ना तोवर? तिचा वेळ वाया जात नाही.”

“अन् निंदायले कोन जाईन? हाक येतपर्यंत घर सोडता येते का तिले? हाक चुकली का हंडा कडेले. मंग पुन्ना मागं. भांडं अडकलं तं बाई अडकली, काटेबाबू.”

तू म्हणत होतास ते मला त्याच खिडकीत समजलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी जे म्हणालो ते असं: प्रश्न दोन्हीकडे एकच होता. उत्तरं आली ती आली. निकाल पाहिल्यावर उत्तरं बदलणं म्हणजे लबाडी. तू म्हणालास, “बदलू नको. पुन्ना मोज.” मी म्हणालो, ठराव झाला. मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला आणि तू बाजूला झालास.

त्यात खोटं काही नव्हतं. निकाल पाहून आकडे बदलू नयेत, हे मी आजही म्हणेन. पण तेव्हा ते म्हणण्यामागं दुसरं कारण होतं. टाकी गावात होणार होती आणि माझं घर गावात आहे. पुढच्या वर्षी माझ्या अंगणात नळ आला. तू बाकी सगळ्यावरून मला टोमणे मारायचास. माझ्या पोटावरून, माझ्या सायकलीवरून, मी भाजीवालीकडे पावकिलो दोनदा मोजून घेतो त्यावरून. नळावरून एकदाही बोलला नाहीस. घरी आलास की मंदा त्याच नळाचं पाणी द्यायची आणि तू तांब्याभर प्यायचास. तू बोलला असतास तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता कदाचित कबूलही केलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात तू घड्याळ घेऊन हातपंपावर बसलास. नऊ दिवस, पहाटेपासून शेवटचा हंडा भरेपर्यंत. मला कोणीतरी सांगितलं की परसराम येडा झाला, हंडे मोजून राह्यला. जूनमध्ये वही घेऊन आलास.

“घे. हंड्याचा वेळ. आता काढ तुही सरासरी.”

“किती येते?”

“तीन तास येते.”

“काढलीस का?”

“काढाले कायले लागते? मी बसलो ना तिथं. तीन तास म्हनजे तीन तास.”

मी म्हणालो, पेरणी होऊ दे. पेरणी झाल्यावर तू विचारलंस, मी म्हणालो, पोळा होऊ दे. मग जिनिंगचा हंगाम लागला. जानेवारीत आर्णीच्या बाजारात भेटलास, पिशवीत मेथी होती. “पाह्यली का वही?” म्हणालास. मी म्हणालो, पाहतो. तू म्हणालास, “पाह्य बाबा. तुले जमन तवा.” आवाजात राग नव्हता, मी नीट आठवून पाहिलं आहे. ते आपलं शेवटचं बोलणं. आजारी वगैरे दिसत नव्हतास.

मार्चमध्ये ग्रामसेवक पुन्हा आले. आणखी एका टाकीची मंजुरी होती. या वेळी तांडा आणि गावाबाहेरचे नवीन प्लॉट, असे दोन दावे होते. ते म्हणाले, “नवीन सर्व्हे कायले? तुमचाच तक्ता हाय. त्यात तांडा सगळ्यात खाली येते. तोच लावू एक मेच्या ग्रामसभेत.” मी म्हणालो, तो तक्ता चुकीचा आहे. ते म्हणाले, “तुमचा तक्ता?” मी म्हणालो, माझाच. बरोबर कोणता ते मला अजून माहीत नाही. एक मेपर्यंत वेळ द्या.

त्या दिवशी दुपारी मी वही उघडली.

बायकांची नावं तू लिहिलीच नव्हतीस. हंडे लिहिले होतेस. ‘पितळी, पोचा.’ ‘निळा प्लास्टिक.’ ‘स्टील, नवा.’ ‘जर्मन, वाकडं तोंड.’ पुढं दोन रकाने: लावला, भरला. मी आधी मिनिटं काढली. मग सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमानं लिहिले. त्याला दोन दिवस लागले. एकशे एकाहत्तर आकड्यांतला बरोबर मधला म्हणजे शहाऐंशीवा. अलीकडे पंच्याऐंशी, पलीकडे पंच्याऐंशी. तो निघाला एकशे पाच मिनिटं. पावणेदोन तास. सरासरी काढली ती दोन तास दोन मिनिटं. तीन तास कशातच आले नाहीत. मी दोनदा तपासलं. तुला तीन का वाटले तेही कळलं. तू सगळ्यात शेवटपर्यंत बसायचास, आणि शेवटी बसलेल्या माणसाला शेवटचे हंडे आठवतात.

सरासरी मधल्या आकड्यापेक्षा सतरा मिनिटांनी वर का, म्हणून मी ठिपके काढले. एक हंडा, एक ठिपका. बहुतेक ठिपके अडीच तासांच्या आत दाटीनं बसले. मग विरळ होत गेले. आणि पार उजवीकडे, पाच तासांच्या आसपास, नऊ ठिपके वेगळे पडले. नऊ दिवस, नऊ ठिपके. वहीत पाहिलं तर प्रत्येक दिवशी एकच हंडा: ‘पितळी, लाल दोरी.’ लावला सगळ्यांच्या आधी, भरला सगळ्यांच्या शेवटी. असं कसं होईल? आधी लावलेला हंडा आधी भरतो. एखाद्या दिवशी चूक होईल, नऊ दिवस एकाच हंड्याची होणार नाही.

मी वही घेऊन तांड्यात गेलो. सुमन वहिनी अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होत्या. मी विचारलं, लाल दोरीचा पितळी हंडा कोणाचा?

“कायले, भाऊजी?”

मी वही दाखवली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून ओळ वाचून दाखवली. त्या उठल्या, घरात गेल्या आणि हंडा आणून माझ्यासमोर ठेवला. गळ्याला लाल दोरी होती.

“त्याईनंच मागं ठेवला रोज,” त्या म्हणाल्या. “मी सगळ्याईच्या आंधी लावो. कोनी नवी बाई आली का हे उठत आन् आपला हंडा तिच्या मागं नेऊन ठेवत. म्या म्हनलं, माहं निंदन बुडून राह्यलं, नऊ रोज काय खाऊ? तं म्हने, लोकं म्हनतीन नंबरासाठी बसला घड्याळ घेऊन. तू गप राह्य, म्हने, काटेबाबू हे सारं तपासते.”

मग त्या पुन्हा शेंगा झोडपायला बसल्या. झोडपता झोडपता म्हणाल्या, “भांडलो आमी त्याच्यावरून. दोन रोज बोलली नाही मी.”

परसराम, हे बरोबर नव्हतं. मोजणाऱ्यानं मोजायच्या गोष्टीत हात घालायचा नसतो. तू रांगेत तुझा हंडा मागं सारलास म्हणजे बाकीचे सगळे एकेक जागा पुढं गेले, आणि आकडा तेवढा कमी झाला. तुझ्याच तांड्याचा. तू उठला नसतास तर आकडा तुझ्या बाजूनं थोडा अधिक आला असता. हे मला तुझ्याशी बसून बोलायचं होतं. कागदावर काढून दाखवलं असतं. तू म्हणाला असतास, “राहू दे रे, लोकाईचं तोंड बंद झालं ना?” आणि मी म्हणालो असतो, लोकांचं तोंड हा रकानाच नाही. संध्याकाळ गेली असती.

ते नऊ ठिपके खरे आहेत. वहिनी खरंच पाच पाच तास अडकल्या. पण तू बसला नसतास तर अडकल्या नसत्या, म्हणून ते तांड्याच्या हिशेबात धरता येत नाहीत. मी ते काढून पुन्हा मांडलं. राहिले एकशे बासष्ट. सरासरी दहा मिनिटांनी उतरली, एक तास बावन्न. मधला आकडा तीनच मिनिटं हलला. एकशे दोन मिनिटं. मी तोच घेतला. टोकाचं माणूस किती लांब आहे याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. संख्याशास्त्रात हा त्याचा गुण मानतात. त्या दुपारी मला तो गुण वाटला नाही, पण घेतला तोच.

आता नवीन प्लॉट तसेच मोजायला हवेत. एकीकडे घड्याळ आणि दुसरीकडे तोंडी उत्तर, हे पुन्हा करायचं नव्हतं. हंगाम संपला होता. एप्रिलमध्ये मी नऊ दिवस पहाटे नवीन प्लॉटच्या विहिरीवर बसलो. पहिल्याच दिवशी बेबीताईंनी विचारलं. त्या तिथल्या सगळ्यांत जुन्या राहणाऱ्या.

“काटेबाबू, जिनिंगवाल्याईनं काढलं का तुमाले?”

“नाही. वेळ मोजतो.”

“कोनाचा?”

“हंड्याचा.”

“पाह्यलं का वं,” त्या बाकीच्यांना म्हणाल्या, “बाया इथं घामानं भिजून राह्यल्या आन् हे हंड्याले इचारून राह्यले, बाबा, दमला का?”

मी घड्याळात पाहिलं. तू बोलला असतास. चौथ्या दिवशी एका बाईचा हंडा कोणीतरी सरकवला आणि अर्धा तास भांडण झालं. मी उठलो नाही, कोणाची बाजू घेतली नाही, फक्त वेळ लिहिली. मांडीला खडा टोचत होता, ऊन तोंडावर येत होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कोणता हंडा कोणाचा आहे हे मला चेहरा न पाहता कळायला लागलं. तेव्हा तू नावं का लिहिली नाहीस ते समजलं. नवीन प्लॉटचा मधला आकडा निघाला अडतीस मिनिटं.

एक मेला मी ठिपक्यांच्या दोन रांगा काढलेला कागद भिंतीला लावला. वर तांडा, खाली नवीन प्लॉट. तांड्याचे नऊ ठिपके पोकळ ठेवले, बाकीचे भरीव. आधी जुना तक्ता हातात धरला आणि सांगितलं की हा चुकीचा आहे. उत्तर देणाऱ्यांची चूक नाही, लिहिणाऱ्याची नाही. प्रश्न चुकला होता आणि प्रश्न माझा होता. चूक मला दोन वर्षांपूर्वी सांगितली गेली होती, आणि मी दुरुस्त केली नाही, कारण माझ्या अंगणात नळ येणार होता. हे शेवटचं वाक्य मी घरून ठरवून आलो नव्हतो. मंदा बायांमध्ये बसली होती, तिनं मान खाली घातली. मग हंड्यांचं सांगितलं. तांड्यात हंडा का उभा असतो आणि गावात बाई का उभी असते. जिथं कोणी कोणाच्या भांड्याला हात लावत नाही त्या वस्तीचा आकडा कमी आला होता, हे सांगितलं तेव्हा मागं कोणीतरी खोकलं.

नवीन प्लॉटमधला एक जण उठला. “सगळं ठीक हाय. पन ते वरचे नऊ पोकळ ठिपके कायचे? पाच पाच तासाचे? असेच टाकले का वजन वाढवाले?”

ते हिशेबात नाहीत, एवढं मी म्हणालो. का नाहीत, ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायांच्या बाजूनं सुमन वहिनी बसल्या जागेवरूनच बोलल्या.

“ते आमच्या घरचे हायत. मोजू नका ते.”

तो माणूस खाली बसला. बेबीताई म्हणाल्या, “आमचं अडतीस खरं हाय. मी होती तिथं.” मग हात वर झाले. ग्रामसेवकांनी हात मोजले, मी पण मोजले. आधी तांडा.

तीन तासांचं मात्र तसंच राहिलं. तू असतास तर तीन तासच म्हणत राहिला असतास, आणि मी एक तास बेचाळीस. हे भांडण मिटलं नसतं. मला ते मिटायला नको होतं.

ग्रामसेवक ठराव लिहायला बसले. वस्तीचं नाव लिहिलं, मिनिटं लिहिली. मोजणी कोणी केली, असं विचारलं. मी सांगितलं, नवीन प्लॉटची माझी, तांड्याची परसरामची. त्यांनी पेन उचललं.

“सर, ते तं वारले ना. मयत माणसाचं नाव ठरावात कसं लिहू?”

मी म्हणालो, “मोजलं तेव्हा तो जिवंत होता. लिहा.”

त्यांनी लिहिलं.